कॅल्क्युलस हाताने फिरवायचं यंत्र, सोलापुरी बनावट

होटगीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस सवडीसवडीने एक यंत्र जुळवत होतो, ते आता वर्गात वापरण्याइतपत झालंय, म्हणून हा धागा.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. बारावीची पोरं इंटिग्रेशन धडाधड सोडवतात. बाय पार्ट्स द्या, पार्शल फ्रॅक्शन द्या, हात थांबत नाही. पण "हे जे उत्तर आलं ते कशाचं?" असं विचारलं की वर्ग एकदम शांत. सीईटीत हा प्रश्न येत नाही हे खरं, पण मला तो गप राहू देत नाही.

यंत्राची कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ जेम्स थॉमसन याने १८७६ साली चकती, गोळा आणि दंडगोल यांचा इंटिग्रेटर मांडला. मी गोळ्याऐवजी साधं चाक घेतलंय, घरगुती कामाला तेच बरं पडतं.

रचना अशी. साधारण ३० सेंमी व्यासाची आडवी चकती, खाली प्लायवूड, वर घासलेली काच. मध्ये उभा शाफ्ट, सिलिंग फॅनमध्ये असतं तेच ६२०२ बेअरिंग. चकतीवर ३२ मिमी व्यासाचं पितळी चाक उभं टेकलेलं. चाकाचा आस चकतीच्या त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे चकती फिरली की चाक तिच्यावर लोळतं. हे चाक एका कॅरेजवर बसवलंय आणि कॅरेज स्क्रूने केंद्रापासून आत-बाहेर सरकते. स्क्रू थ्रीडी प्रिंटरला लागतो तो टी-८, एका फेऱ्याला ८ मिमी पुढे नेणारा.

आता गंमत. चकती किती फिरली हा एक्स. चाक केंद्रापासून किती लांब हा वाय. चाक लांब असेल तर चकतीच्या एका फेऱ्यात ते जास्त लोळणार, जवळ असेल तर कमी, बरोबर केंद्रावर असेल तर जागच्या जागी. म्हणजे चाकाच्या फेऱ्यांची बेरीज ही वाय गुणिले एक्सच्या बारीक बारीक तुकड्यांची बेरीज. इंटिग्रल म्हणतात ते हेच.

पहिला प्रयोग मी नेहमी एकच घेतो. चकतीचा शाफ्ट आणि स्क्रू यांच्यात १:१ चे बेव्हल गिअर आहेत. ते जोडले की चकतीच्या दर फेऱ्याला चाक ८ मिमी बाहेर जातं, म्हणजे वाय सरळ रेषेत वाढतो. चाक केंद्रावर आणून एका मुलीला हँडल दिलं आणि बाकीच्यांना चाकावरची लाल खूण मोजायला सांगितली. चकतीचे दोन फेरे झाले, चाकाचा एक. चकतीचे चार, चाकाचे चार. सहाला नऊ. इथे मागच्या बाकावरून "आता आठला सोळा!" असा आवाज आला. आठला सोळाच. पाटीवर काही लिहिण्याआधी. मग एकाने मधले फरक मांडले, १, ३, ५, ७, आणि फिजिक्सच्या वहीत पडणाऱ्या दगडाच्या धड्यात हेच आकडे आहेत म्हणून सांगितलं.

३२ मिमी व्यास उगाच नाही. दर फेऱ्याला ०.८ सेंमी आणि चाकाची त्रिज्या १.६ सेंमी, म्हणून चकतीच्या फेऱ्यांचा वर्ग भागिले ४ असा सुटसुटीत आकडा येतो. दुसरं चाक लावलंत तर उत्तर बरोबरच येईल, पण पोरं ओरडणार नाहीत.

खर्च दोन-अडीच हजारांच्या घरात. लेथचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत झालं. सूचना हव्या आहेत. शिव्याही चालतील.

शेंगाचटणी

वा! वाखु (वाचनखूण) साठवली. मी क्लास घेते, माझ्याकडे तर थेट मार्कांवर गाडी असते. एक सांगा, निगेटिव्ह एरियाचं काय करता? मुलांना "क्षेत्रफळ ऋण कसं असेल मॅडम" हे पटवताना माझा अर्धा तास जातो.

होटगीकर

मॅडम, ते या यंत्रात सगळ्यात सोपं आहे. चकती त्याच दिशेने फिरवत राहायची आणि कॅरेज केंद्राच्या पलीकडे न्यायची. चाक मंदावतं, केंद्रावर थांबतं आणि पलीकडे गेलं की उलटं फिरायला लागतं. साईनचा पूर्ण आलेख काढून कॅरेज त्याच्याबरोबर सरकवली तर लाल खूण पुढे जाऊन निम्म्यावरून परत फिरते आणि पुन्हा शून्यावर येते. समजवावं लागत नाही.

अजून एक. चकती थांबवून नुसती कॅरेज कितीही मागेपुढे केली तरी चाक फिरत नाही, नुसतं आडवं घसरतं. एक्स हललाच नाही तर क्षेत्रफळ कुठून येणार? हे मी सांगत नाही, कोणीतरी चाळा करताना त्यांनाच सापडतं.

तिरकस

२०२० नंतरच्या जगात हे सगळं कशाला? जिओजेब्रा फुकट आहे, मोबाईलवर चालतं, स्लायडर ओढला की क्षेत्रफळ रंगतं. लेथ, पितळ, बेव्हल गिअर... हौस म्हणून ठीक. तीस पोरांच्या वर्गात एक यंत्र, बाकी एकोणतीस काय माशा मारणार?

कडक_भाकरी

तिरकस आले, धागा शंभरी गाठणार :)

होटगीकर

तिरकस, जिओजेब्रा मीही वापरतो, आणि आलेख दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण स्लायडर ओढला की उत्तर दिसतं, ते कशाने आलं हे दिसत नाही. इथे मुलाच्या हाताला कळतं की त्याने हँडल आधी फिरवलं तेवढंच आत्ताही फिरवलं, तरी चाक आता दुप्पट पळतंय, कारण ते बाहेर गेलंय.

एकोणतीस पोरांचा मुद्दा मात्र रास्त. मी एक फिरवणारा, एक कॅरेजवाला, एक मोजणारा आणि एक आलेख काढणारा असे चौघांचे गट करतो. बाकीचे तोवर आकडा आधी सांगून पैज लावतात. वर्गात आवाज होतो, शेजारच्या वर्गातून तक्रारही येते.

पाटबंधारे

निवृत्त अभियंता. सोलापूर जिल्ह्यात बरीच वर्षं नोकरी. दोन गोष्टी सांगतो, सर, तुमच्या कामाच्या आहेत.

एक, आमच्या ऑफिसात प्लॅनिमीटर असायचा. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलरने १८५४ साली काढलेलं यंत्र. दोन दांड्या, एक बारीक चाक. नकाशावरच्या आकृतीच्या कडेने टोक फिरवून आणलं की चाकावर क्षेत्रफळ वाचायचं. तलावाचा साठा काढताना दर कंटूरचं, म्हणजे समान उंचीच्या रेषेच्या आतलं, क्षेत्रफळ असंच घ्यायचं, मग दोन कंटूरमधली उंची गुणून थर घालत जायचं. म्हणजे इंटिग्रेशन दोनदा, एकदा यंत्राने, एकदा कागदावर. आम्हाला कोणी ते इंटिग्रेशन आहे असं सांगितलं नव्हतं, आम्ही साठा काढत होतो.

दुसरं, पोरांना उजनी धरण द्या. सोलापूरचं पोरगं पावसाळ्यात पेपर उघडतं तेव्हा रोज कॅल्क्युलस वाचत असतं. दौंडहून येणारा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, हा दर. धरणातला साठा टीएमसीमध्ये, ही बेरीज. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. भागाकार करा, ११,५७४ क्युसेक सलग एक दिवस आले की एक टीएमसी भरला. हा आकडा आम्ही पाठ ठेवायचो.

आता दरवर्षीचा घोळ बघा. पुण्याकडे पाऊस ओसरतो, बातमी येते "दौंडचा विसर्ग घटला". लोक फोन करतात, "साहेब, धरण उतरायला लागलं का?" अहो, विसर्ग घटला म्हणजे भरायचा वेग घटला. पाणी येतंच आहे, धरण चढतंच आहे. येणारं आणि सोडलेलं समान झालं की मगच साठा थांबतो.

होटगीकर

काका, दंडवत. वेग कमी होणं आणि वस्तू कमी होणं यातला घोटाळा हा माझ्या वर्गातला सगळ्यात चिवट घोटाळा आहे. आजच यंत्रावर लावून बघितला. कॅरेज बाहेर होती, ती हळूहळू केंद्राकडे आणली. "चाक आता उलटं फिरेल" म्हणणारे निम्म्याहून जास्त हात वर. चाक पुढेच फिरत राहिलं, फक्त सावकाश. मग मी फळ्यावर एवढंच लिहिलं: कॅरेज म्हणजे दौंड, लाल खूण म्हणजे उजनी. वर्गात एकदम हशा.

अवकलनाचा, म्हणजे बदलाचा वेग काढण्याचा, पहिला तास यापुढे असाच घेणार. मॅक्सिमाच्या जागी डेरिव्हेटिव्ह शून्य का, तर केंद्रावर चाक थांबतं म्हणून.

अकरावी_ब

सर मी वर्गातलाच आहे, नाव सांगत नाही :) एक डाउट आहे. लाल खूण सुरुवातीला आपण मनाने शून्यावर ठेवतो. ती कुठेही ठेवली तरी चालेल ना? मग उत्तर कुठलंही येईल की.

पाटबंधारे

बाळ, चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर पुन्हा उजनीच. उन्हाळ्यात पेपरात "उजनी उणे पंचवीस टक्के" वाचलं असशील. धरणात पाणी उणे कसं असेल? उजनीची पूर्ण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला खालचा जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, वरचा साधारण ५३-५४ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजायची सुरुवात मृतसाठ्याच्या वरून होते. एकूण पाणी ५० टीएमसी उरलं तर ते त्या शून्याच्या सुमारे १४ टीएमसी खाली, म्हणजे उणे २५ च्या आसपास. पाणी तेवढंच आहे, शून्याची खूण वर मारलीय.

शून्य कुठेही धर. पण काल आणि आज यातला फरक बदलत नाही. दौंडहून किती आलं हे तो फरकच सांगतो.

अकरावी_ब

म्हणजे इंटिग्रलच्या उत्तरामागे लावतो तो प्लस सी!!

शेंगाचटणी

"प्लस सी विसरलात, अर्धा मार्क गेला" याच्या पलीकडे मी ते कधी शिकवलंच नसतं. उद्या क्लासमध्ये ढापणार, आधीच सांगून ठेवते.

जॉबर_साखरपेठ

नमस्कार सर. मी लूमवर जॉबर आहे, म्हणजे लूम लावणारा-दुरुस्त करणारा, घरी तेलुगू, मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. फोटोत चाकावर लाल खूण बघून बोटाने मोजताय असं दिसतंय. पिक काउंटर (विणीचे आडवे धागे मोजणारा) का लावत नाही? लूमवरचा जुना काउंटर पडेल भावात मिळतो, आकडे आपोआप पडतील. मोजणाऱ्याचा डोळा चुकतो, काउंटर चुकत नाही.

होटगीकर

मामा, काउंटर हातात घेऊन बघितलाय. मस्त वस्तू आहे, पण तो फिरवायला जोर लागतो. लूमचा शाफ्ट तो सहज फिरवतो. माझं चाक काचेवर फक्त शंभरेक ग्रॅम वजनाने टेकलंय, त्याच्या घर्षणात जेवढा दम आहे तेवढाच. काउंटर जोडला तर चकती फिरेल आणि चाक जागीच घसरेल.

वजन वाढवा असं कोणीतरी म्हणेलच. वाढवलं की कॅरेज सरकवताना चाक आडवं खरवडतं, काचेवर चरे पडतात, आणि चाकाची धार चपटी होऊ लागते. धार रुंद झाली की चाक नेमकं केंद्रापासून किती लांब हेच धूसर होतं, कारण आतली कड कमी लोळते, बाहेरची जास्त. म्हणून चाकालाच शंभर भागांची कागदी पट्टी चिकटवली आणि पूर्ण फेरे तोंडाने मोजतो. यंत्राकडून दुसरं काही ओढून घ्यायचं नाही, नुसतं वाचायचं.

जॉबर_साखरपेठ

हां, आलं ध्यानात. मग बीमची गोष्ट सांगतो, तुमच्या पोरांना आवडेल. चादरीच्या लूमवर मागे ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, बीम असतो. जुन्या लूमवर त्याला दोर किंवा साखळीने ब्रेक लावतात आणि लिव्हरवर वजन टांगतात, त्याने ताणा घट्ट राहतो. बीम भरलेला असतो तेव्हा जाड असतो. सूत संपत जातं तसा बारीक होतो. कापड दर तासाला तेवढंच निघतं, पण बीम बारीक झाला की तेवढ्याच सुतासाठी त्याला जास्त फिरावं लागतं. आणि वजन तेच ठेवलं तर ताण वाढत जातो, धागे तटातट तुटतात. म्हणून विणकर अधूनमधून वजन आत सरकवतो. किती सरकवायचं ते हाताला माहीत. नवीन पोराला आम्ही सांगतो, सूत हाताने दाबून बघ, बीम बघू नको.

होटगीकर

मामा, हे रिलेटेड रेट्सचं, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या वेगांचं, गणित आहे, आणि पुस्तकातल्या शिडी घसरण्याच्या गणितापेक्षा कितीतरी जिवंत. ब्रेकचा जोर तोच, त्रिज्या निम्मी झाली की सुतावरचा ताण दुप्पट. विणकर वजन टप्प्याटप्प्याने सरकवतो म्हणजे वक्ररेषेच्या जागी पायऱ्या घालतो. पायऱ्या जितक्या लहान तितका ताण सारखा. यावर एक तास नक्की. पोरांना घेऊन येऊ का कधी लूमवर?

जॉबर_साखरपेठ

या की. आवाज सोसला पाहिजे फक्त.

चेतक८६

गॅरेजवाला आहे. तुमचं यंत्र बेरीज करतंय, उलटं काम करणारं यंत्र प्रत्येक जुन्या स्कूटरवर होतं. चेतक, लुना, काहीही घ्या. पुढच्या चाकापासून एकच केबल मीटरमध्ये येते. केबल किती फिरली ते गिअरने मोजलं की किलोमीटर. तीच केबल किती वेगाने फिरतेय ते दाखवायला मात्र वेगळी युक्ती: केबलच्या टोकाला चुंबक, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि केसासारखी स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. स्प्रिंग मागे खेचते. जितका वेग तितका काटा पुढे. वाटी चुंबकाला कुठे चिकटलेलीच नसते, हे सांगितलं तरी गिऱ्हाइकाला पटत नाही, उघडून दाखवावं लागतं.

भंगारात असे मीटर पडून असतात. केबलच्या जागी हँडल लावा, पोरांना एका डब्यात दोन्ही दिसेल. काटा म्हणजे तुमचा डेरिव्हेटिव्ह, आकडे म्हणजे इंटिग्रल.

होटगीकर

ही सूचना सोन्यासारखी आहे. एकाच केबलवर दोन्ही, आणि हँडल थांबवलं की काटा शून्यावर पडतो पण किलोमीटर तिथेच राहतात. मीटर मिळाला तर कळवा, मी येऊन घेऊन जातो.

तिरकस

मान्य, मजा येतेय वाचायला. पण हा सगळा इतिहास युरोपचाच का? आपले भास्कराचार्य विसरलात.

पुणेकर_सध्या

(मूळ गाव सोलापूर, पोटासाठी पुण्यात.) विसरायला कशाला हवं. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती आहे, म्हणजे दिवसभराची सरासरी न घेता त्या क्षणाची गती. ग्रहाची गती क्षणाक्षणाला बदलते, हे ग्रहणाचं गणित करताना आडवं येतं, म्हणून त्यांना ती गरज पडली. माझ्या मते वर्गात सांगायला हे न्यूटनच्या सफरचंदापेक्षा चांगलं. केरळात माधवाच्या परंपरेने अनंत श्रेढी काढल्या त्याही आहेत. पण भास्कराचार्यांनी चकती-चाक बनवलं होतं असं कोणी म्हणू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं.

अवांतर संपवतो. कामाचं: प्लॅनिमीटर घरी करायचाय? सायकलची एक स्पोक घ्या. दोन्ही टोकं खाली वाकवा. एक टोक घासून टोकदार, दुसरं ठोकून चपटं करून कोयत्यासारखी धार काढा, धार दांडीच्याच दिशेत. डेन्मार्कच्या प्रीट्झची ही युक्ती. चपटं टोक दांडीच्या दिशेनेच सरकतं, बाजूला सरकत नाही, सायकलच्या मागच्या चाकासारखं. टोकदार टोक आकृतीच्या मध्यावर ठेवा, चपट्या टोकाने कागद दाबून खूण करा. मग टोक कडेपर्यंत न्या, कडेने पूर्ण फेरी, परत मध्यावर. चपटं टोक जरा बाजूला येऊन थांबलेलं असतं. दोन खुणांतलं अंतर गुणिले दांडीची लांबी, झालं क्षेत्रफळ. दांडी २० सेंमी आणि ५ सेंमीचा चौरस असेल तर खुणांत साधारण सव्वा सेंटिमीटर अंतर यायला हवं. आकृती दांडीच्या मानाने लहान हवी, नाहीतर चूक वाढते.

पाटबंधारे

बरोबर. आणि नकाशावर हिप्परगा तलाव फिरवायला द्या पोरांना. कडा इतकी वेडीवाकडी आहे की सूत्राने कोणी काढूच शकणार नाही.

शेंगाचटणी

प्रत्येकाला एक स्पोक! तिरकस, तुमच्या एकोणतीस पोरांची सोय झाली.

तिरकस

झाली, झाली. माशा वाचल्या.

पुणेकर_सध्या

होटगीकर, अचूकता कशी तपासता? सरळ फिरवून मग तेवढंच उलटं फिरवता आणि खूण जागेवर येते का बघता, असं वाटतंय. तसं असेल तर सावध. बेअरिंगमुळे चाक दर फेऱ्याला थोडं मागे राहत असेल तर सरळ जाताना जेवढं मागे राहील तेवढंच उलटं येतानाही राहील. दोन्ही चुका एकमेकींना खातील आणि खूण बरोब्बर शून्यावर येईल. यंत्र खोटं आणि चाचणी पास.

होटगीकर

अगदी. म्हणून ती चाचणी फक्त कॅरेजचा खेळ (ढिलेपणा) किती आहे ते बघायला ठेवलीय. घसरण मोजायला दुसरी: गिअर सोडून चाक ३.२ सेंमीवर पक्कं करायचं आणि चकती पंचवीस फेरे. चाकाचे पन्नास व्हायला हवेत. नंतर ६.४ सेंमीवर तेच, शंभर व्हायला हवेत. पहिल्यात कमी आले तर एकतर चाक घसरतंय किंवा अंतर चुकीचं मोजलंय. दोन्ही ठिकाणी कमतरता सारख्याच प्रमाणात असेल तर घसरण किंवा चाकाचा व्यास, आणि ठरावीक फेऱ्यांचीच असेल तर केंद्र चुकीच्या जागी धरलंय. चकतीचं केंद्र शोधायची सोपी रीत म्हणजे चकती फिरवत कॅरेज आत आणत राहायची, चाक मेलं की तेच केंद्र.

काच दर तासाआधी स्पिरिटने पुसावी लागते. पोरांच्या बोटांचा तेलकटपणा हा या यंत्राचा पहिला शत्रू. मधल्या सुट्टीतला वडापाव दुसरा.

अकरावी_ब

सर, चाक जेवढं फिरेल तेवढीच कॅरेज बाहेर सरकवली तर? म्हणजे उत्तरच परत आत घातलं तर?

होटगीकर

तू बाकावर कुठे बसतोस ते मला आता कळलंय. तू म्हणतोस ते म्हणजे वाढीचा वेग हाच जेवढं आहे त्याच्या प्रमाणात. ई रेज्ड टू एक्स. चाक केंद्रावर ठेवून सुरुवात केलीस तर काहीच होणार नाही, जन्मभर हँडल फिरव. अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवलंस तर आधी मुंगीच्या पावलाने आणि मग बघता बघता कॅरेज कडेला आदळेल.

अडचण एवढीच की चाकात स्क्रू फिरवायचा दम नाही, वर लिहिलंय तेच. सध्या एक जण चाकावरची पट्टी वाचतो आणि दुसरा त्याच्या तालावर स्क्रू फिरवतो. चालतं, पण तो दुसरा दमला की ई बदलतो.

पुणेकर_सध्या

हाच खोडा अमेरिकन अभियंता व्हॅनेव्हर बुशला पडला होता. एमआयटीत १९३१ च्या सुमारास उभं राहिलेलं त्याचं डिफरन्शियल ॲनालायझर म्हणजे तुमचीच चकती-चाकं, एकाला एक जोडलेली. चाकाची ताकद वाढवायला त्याने टॉर्क ॲम्प्लिफायर लावले. जहाजावर नांगराचा दोर ओढायला फिरता ढोल असतो, तेच तत्त्व. मोटरने ढोल सतत फिरत ठेवायचा, त्यावर दोरीचे वेढे. एक टोक जरा ताणलं की ढोल दोरी पकडतो आणि दुसऱ्या टोकाला जोरात ओढतो. इंग्लंडात हार्ट्री आणि पोर्टर यांनी १९३४ साली मेकॅनोच्या खेळण्यातल्या भागांतून तसलंच यंत्र जुळवलं आणि त्यावर खरं संशोधनाचं काम केलं. तेव्हा पितळ आणि प्लायवूडला कमी लेखू नका.

दोरी किती पट ओढेल ते वेढ्यांवर ठरतं. घर्षणांक ०.३ धरला तर तीन वेढ्यांना सुमारे २८५ पट. वेढा वाढला की पट गुणाकाराने वाढते, म्हणजे तिथेही ई च बसलाय.

अकरावी_ब

ई चालवायला ई. भारीच की बे!

जॉबर_साखरपेठ

दोरीचं काम आमच्याकडे सोपवा. नायलॉन लावू नका, ती गरम झाली की चिकटते आणि मग सुटत नाही. सुती दोरी, पिळाची, मेण न लावलेली. ढोल लाकडी चालेल, पण लेथवर गुळगुळीत करून. मोटर शिलाई मशीनची पुरेल, तिला पायाचा कंट्रोल असतो, वेग कमी-जास्त करता येईल. दोन ढोल लागतील, एक सुलटा फिरणारा, एक उलटा, नाहीतर कॅरेज बाहेर जाईल आणि परत यायचं नाव घेणार नाही.

होटगीकर

मामा, दोन ढोलांचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. दोन्ही एकाच मोटरवर घेता येतील का? मधे एक गिअर टाकून दिशा उलटी करायची म्हणजे.

जॉबर_साखरपेठ

गिअर कशाला, एका ढोलाचा पट्टा सरळ आणि दुसऱ्याचा आठच्या आकड्यासारखा आडवा टाकला की झालं. शनिवारी दुपारनंतर या, चाक आणि स्क्रू दोन्ही घेऊन. चाकाची धारही बघू, पितळ मऊ पडतंय असं तुमच्याच लिहिण्यावरून वाटतंय.